विहाराचे चक्र आणि आमचा धाकटा

गेल्या बुद्ध पौर्णिमेला आमच्या वस्तीतील विहारात वंदना झाली. खीरदान सुरू असताना बाहेरगावाहून आलेल्या एका उपासकांनी भिंतीवरील लाकडी धम्मचक्राकडे बोट दाखवून विचारले, "हे कोठून आणविले? नागपूरहून की काय?" तीन फूट व्यासाचे, चोवीस आऱ्यांचे ते चक्र. आम्ही म्हणालो, "कोठूनही नाही. आमच्या धाकट्याने केले."

एवढे एक वाक्य चारचौघांत उच्चारायला आम्हांला जवळजवळ वर्ष लागले. ते वर्ष कसे गेले ते आज वाचक बंधू-भगिनींपुढे मांडतो. त्यात लाकूड वाकविण्याची रीत आहे आणि आमच्या चुकाही आहेत. आपल्या कितीतरी घरांत आज असाच प्रश्न उभा असेल, म्हणून घरातली गोष्ट बाहेर सांगण्याचे धाडस करतो.

आम्ही लाखांदूरला राहतो. शिक्षण बी.कॉम., नोकरी लिपिकाची. कार्यालय सुटल्यावर वस्तीतले लोक कागद घेऊन येतात. कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचे जातपडताळणीचे प्रकरण, कुणाची निराधार योजनेची फाईल. हे काम आम्ही वीसेक वर्षे करीत आलो. मुलांनी शिकावे आणि खुर्चीवर बसावे, हे आमचे एकच स्वप्न. थोरली मुलगी नर्सिंगला गेली तेव्हा अर्धे स्वप्न पुरे झाले, असे वाटले. धाकटा मात्र बारावी विज्ञान शाखेत दोन विषयांत राहिला.

नापास होण्याचे दुःख होतेच. पण त्याहून मोठा धक्का पुढे बसला. शिकवणीला जातो असे सांगून तो रोज दुपारी गावातल्या एका वृद्ध सुताराच्या छपरात बसत होता. रंधा मारणे, पटाशीला धार लावणे, भुसा झाडणे, असे सगळे करीत होता. आम्हांला कळले तेव्हा आम्ही त्याला सर्वांसमक्ष बोललो, "हातात रंधाच धरायचा होता तर वही कशाला धरली? आमच्या बापाने जन्मभर विड्या वळल्या त्या यासाठी?"

त्या दिवसापासून पोराने आमच्याशी बोलणे टाकले. आम्ही घरात आलो की तो बाहेर जाई. आमच्या आयुष्मती दोन वेळा दोन ताटे वाढीत.

अशातच विहार समितीची बैठक झाली. पूर्वी आमच्याकडे भीमजयंतीला आणि बुद्ध पौर्णिमेला थर्माकोलचे चक्र करीत. दोन दिवसांत त्याचे आरे मोडत आणि तुकडे नालीत जात. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. तेव्हापासून पुठ्ठ्यावर भागवीत होतो. कायमचे लाकडी चक्र करावे, असा विचार निघाला. तयार चक्राचा भाव ऐकून सगळे गप्प बसले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "मी करतो. फक्त लाकडाचे पैसे द्या." तो आमचा धाकटा होता. सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही जमिनीकडे पाहिले. समितीने होकार दिला. आम्ही सचिव असल्यामुळे इतिवृत्तात तो ठराव आम्हांलाच लिहावा लागला.

दुसऱ्या दिवशी खर्चाचा अंदाज घेण्याच्या निमित्ताने आम्ही प्रथमच त्या सुतारकाकांच्या छपरात पाऊल टाकले. कोपऱ्यात बैलगाडीचे एक जुने चाक टेकवून ठेवले होते. काकांनी त्याच्यावरच धडा दिला. मधला तो तुंबा, तुंब्यातून निघालेले ते आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले बाकदार तुकडे म्हणजे पुठ्ठे आणि सर्वांत बाहेर लोखंडाची धाव. धाव तापवून लाल करतात. तापल्यावर ती फुगते, मग चाकावर चढवून पाणी ओततात. थंड होताना ती आवळते आणि सगळे चाक एकजीव होते.

आम्ही विचारले, "मग चक्रही असेच करा ना. गोल तुकडे कापा आणि जोडा."

काका म्हणाले, "करता येते जी बाबू. पन पुठ्ठा कापला का लाकडाची शीर तुटते. गाडीच्या चाकाले जाड पुठ्ठा अन् वरून लोखंडाची धाव, म्हून भागते. तुमच्या पोराले पातळ अन् नाजूक पायजे. तं पट्टी वाकवा लागते. वाकवली का शीर अखंड राह्यते, पुरा गोल फिरते."

शीर म्हणजे लाकडाचे तंतू. फळीतून गोल तुकडा कापला तर तंतू सरळच राहतात आणि गोलाईच्या कडेला तुटतात. तेथेच तो तुकडा कधीतरी उकलतो. पट्टी वाकविली तर तंतू गोलाईबरोबर वळतात. म्हणून पातळ असूनही ती टिकते. हे आम्हांला पटले. पण लाकूड वाकवायचे कसे? पोराने उत्तर भिंतीकडे पाहत दिले, "वाफेवर."

वाफेचे गणित असे आहे. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारा एक नैसर्गिक डिंक असतो. त्याला लिग्निन म्हणतात. ओली उष्णता मिळाली की तो मऊ पडतो आणि तंतू थोडे सरकू शकतात. थंड होऊन सुकले की तो पुन्हा घट्ट होतो आणि लाकूड नव्या आकारात राहते. कोरड्या आगीवर धरले तर ओल उडून जाते आणि लाकूड करपते. म्हणून वाफ हवी. साधारण नियम असा की एक इंच जाडीला एक तास वाफ द्यावी.

येथे आमच्यातला बी.कॉम. जागा झाला. आम्ही पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. चक्राचा बाहेरचा व्यास ३६ इंच, म्हणजे परीघ ११३ इंच. कड पाऊण इंच जाड ठेवली तर आतला व्यास साडेचौतीस इंच आणि परीघ सुमारे १०८ इंच. म्हणजे एकाच पट्टीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा पावणेपाच इंचांनी आखूड व्हायला हवी! लाकूड एवढे ऐकेल काय? पण पाऊण इंचाच्या एका पट्टीऐवजी पाव पाव इंचाच्या तीन पट्ट्या एकीवर एक घेतल्या, तर प्रत्येक पट्टीत हा फरक दीड इंचावर येतो. तो कागद आम्ही पोरासमोर सरकवला. त्याने वाचला आणि काही न बोलता खिशात घातला. बऱ्याच महिन्यांत त्याने आमच्या हातचे काही घेतले ते हे पहिले.

आता चुका सांगतो.

पहिली चूक लाकडाची. पैसे वाचवावे म्हणून आम्ही घराच्या जुन्या चौकटीचे साग दिले. चाळीस वर्षांचे जुने, म्हणजे उत्तम, अशी आमची समजूत. काकांनी मान हलविली. पण सचिवांपुढे कोण बोलणार? पट्ट्या फाडल्या, वाफेवर ठेवल्या, साच्याला लावल्या आणि पहिली पट्टी कडाडकन मोडली. दुसरीही मोडली. जुने लाकूड कामाला चांगले असते, पण इतके वाळलेले लाकूड वाकायला चांगले नसते. त्याला थोडी ओल अंगात असलेले, हवेवर सुकलेले, सरळ शिरेचे आणि गाठ नसलेले लाकूड लागते.

दुसरी चूक त्याहून वाईट. तेलाच्या डब्यात पाणी उकळायचे, डब्याच्या तोंडाला रबरी नळी लावायची आणि ती सहा फूट लांबीच्या लाकडी पेटीत सोडायची, अशी पोराची मांडणी होती. पेटीच्या दूरच्या टोकाला त्याने एक भोक ठेवले होते. त्यातून वाफ भसभसा बाहेर जात होती. आम्ही म्हणालो, "एवढे सरपण जाळून वाफ वाया घालवतोस? बुजव ते." तो म्हणाला, "बाबा, ते बुजवायचे नसते." कित्येक महिन्यांनी तो आमच्याशी बोलला आणि आम्ही ऐकले नाही. कणकेचा गोळा लावून भोक स्वतः बुजविले. थोड्या वेळाने डबा गुरगुरला. पोरगा नळी पाहायला वाकला आणि त्याच वेळी नळी निसटून वाफेचा झोत त्याच्या मनगटावर आला.

घरात एकच आरडाओरड झाली. शेजारच्या बाई टूथपेस्ट घेऊन धावल्या. कोणी हळद म्हणाले, कोणी शाई. सुदैवाने थोरलीला फोन लागला. ती म्हणाली, "काहीही लावू नका. मनगटातला धागा काढा, हात नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ नको. फोड फोडू नका. स्वच्छ कापड सैल झाका आणि दवाखान्यात न्या." तसेच केले. वाफेचे भाजणे उकळत्या पाण्याहून कमी समजू नये. वाफ कातडीवर पाणी होताना आपली सगळी उष्णता तेथेच टाकते. ही एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. हात बरा झाला. व्रण मात्र अजून आहे.

त्या रात्री आमच्या आयुष्मती म्हणाल्या, "अहो, तुम्ही दुनियेचे अर्ज भरता. दुसऱ्याचा पोरगा काय म्हणतो ते नीट ऐकून लिहिता. आपल्या पोराचं एक वाक्य ऐकलं असतं तर त्याचा हात वाचला असता." आम्ही काय उत्तर देणार? रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी आम्ही पोराला म्हणालो, "चूक आमची झाली. आता तू सांगशील तसे." तो फक्त म्हणाला, "तुम्ही घड्याळ पाहा." म्हणून पुढचे सर्व काम होईपर्यंत आमच्याकडे घड्याळ होते.

काकांनी लाकूड सुचविले धामणाचे. आपल्याकडच्या जंगलात हे झाड आहे. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक. धनुष्य, कावडीचे दांडे, हत्यारांच्या मुठी यांसाठी जुने लोक तेच पसंत करीत. आम्ही ते लाकडाच्या टालावरून रीतसर पावती घेऊन आणविले. पावतीशिवाय जंगलाचे लाकूड घरात आणू नये, हे येथे लिपिक म्हणून बजावून सांगतो. दीड इंच रुंद, पाव इंच जाड आणि साडेपाच-पावणेसहा फूट लांब अशा पट्ट्या काढल्या. रंध्याने सारख्या केल्या, कारण जेथे पट्टी पातळ राहते तेथेच ती जास्त वाकते आणि गोलाईला कोपरा येतो.

साचा असा. एका जुन्या दारावर अर्धे वर्तुळ आखून त्यावर लाकडी ठोकळे खिळ्यांनी पक्के केले. वर्तुळ मुद्दाम हवे त्याहून थोडे लहान धरले, कारण साच्यातून सोडल्यावर पट्टी थोडी परत उघडते. पेटीत आडव्या काड्या बसवून पट्ट्या त्यांवर ठेवल्या, म्हणजे वाफ चारही बाजूंनी लागते. पेटी एका बाजूला किंचित कलती ठेवली, म्हणजे साचलेले पाणी गळून जाते. आणि ते भोक उघडे ठेवले! आपल्या भंडाऱ्याच्या गिरण्यांत उकडा तांदूळ कसा होतो ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वाफेचे हे काम नवे वाटणार नाही.

वाफ भरपूर धरली की वीस मिनिटे मोजायची. आम्ही "झाले" म्हणालो की पोराने जाड हातमोजे घालून पट्टी काढायची आणि लगेच साच्यावर मांडायची. तेथे रेंगाळून चालत नाही. अर्धा मिनिट इकडेतिकडे केले की लाकूड थंड होते आणि अडून बसते. एका टोकाला शिकंजा आवळायचा आणि झटका न देता, एकसारख्या दाबाने दुसऱ्या टोकापर्यंत वळवीत न्यायचे. काका म्हणत, "घाई बी नोको, थांबनं बी नोको."

आणखी एक युक्ती. वाफेवर मऊ झालेले लाकूड दाबले तर पुष्कळ आखडते, पण ताणले तर फारसे लांबत नाही. बाहेरच्या अंगाने फाटते. म्हणून बाहेरून पत्र्याची एक पट्टी टोकापासून टोकापर्यंत घट्ट लावतात. ती लाकडाला लांबू देत नाही. मग सगळा बदल आतल्या बाजूला, दाबानेच होतो. आम्ही पेटाऱ्याला बांधतात तसली लोखंडी पट्टी वापरली. त्यानंतर एकही धामणाची पट्टी मोडली नाही.

ही पत्र्याची युक्ती मोठी ऐतिहासिक आहे. मुंबईत राहिलेल्या वाचकांनी इराणी हॉटेलातल्या त्या गोल पाठीच्या काळ्या-तपकिरी खुर्च्या पाहिल्या असतील. त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे मिखाएल थोनेट नावाचा जर्मन कारागीर. त्याने बीच झाडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून बाहेरून लोखंडी पट्टी लावून वाकविल्या. १८५९ साली त्याने काढलेली चौदा नंबरची खुर्ची फक्त सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांत होत असे. सुटे भाग करून अशा छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसत. खुर्ची स्वस्त झाली आणि साध्या चहाच्या दुकानात पोचली. आपल्या देशातही पंजाबातले कारागीर तुतीचे लाकूड वाफेवर वाकवून हॉकीच्या काठीचे टोक करीत. जपानमध्ये ओदाते नावाच्या गावी लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम पाण्याने मऊ करून जेवणाचे डबे करतात आणि चेरीच्या सालीने ते शिवतात.

हे सारे पोरगा आम्हांला जेवताना सांगू लागला. होय, एव्हाना ताटे एकत्र लागू लागली होती. आम्हीही मग आपली पुंजी काढली. पुणे जिल्ह्यातील भाजे आणि कार्ले येथील बौद्ध लेण्यांची छायाचित्रे त्याला दाखविली. चैत्यगृहाच्या दगडी छताला आतून लाकडाच्या बाकदार कमानी बसविल्या आहेत. दोन हजार वर्षे होऊन गेली, तरी लाकूड तेथे आहे. छत दगडात कोरलेले आहे. ते कमानींवर उभे नाही. मग कमानी कशाला? कारण त्याआधी चैत्यगृहे लाकडाची बांधली जात आणि दगड कोरणाऱ्यांनी त्या घरांचे रूप तसेच उतरविले. आमच्या शेजारच्या पवनीलाही तेच. तेथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याचे कोरीव दगडी खांब मिळाले. अशा कठड्यांत उभ्या खांबाला खाचा पाडून त्यात आडवे दगड बसवितात. पोरगा म्हणाला, "बाबा, हा तर सुताराचा जोड आहे." आम्ही शाळेत असल्यापासून किती वेळा पवनीला गेलो असू, पण हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते.

तेव्हा आम्ही स्वतःलाच विचारले, आम्ही नेमके कशाला घाबरलो होतो?

आमचे आजोबा हातमागावर जाडेभरडे कापड विणीत. नागपूर-भंडारा भागात आपल्या समाजात विणकर पुष्कळ होते. गिरणीच्या कापडापुढे तो धंदा बसला. वडिलांनी विड्या वळल्या. तेंदूपत्ता कापून कापून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते आणि मोबदला दुसरा ठरवी. गावकीत जे काम आपल्या माथी मारले गेले, ते जन्माने मारले गेले. नाही म्हणण्याची सोय नव्हती. म्हणून हाताचे काम म्हटले की आमच्या मनात पहिली येते ती गुलामी. ही भीती खोटी नाही. ती आमच्या पूर्वजांनी भोगून दिलेली आहे. पण भीतीने आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या. लादलेले काम वेगळे आणि निवडून, शिकून, आपला भाव आपण ठरवून केलेले काम वेगळे.

बाबासाहेबांनी हा फरक कधीच दाखविला होता. १९४२ साली व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात उच्च शिक्षणासाठी मदत मागितली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तांत्रिक शिक्षणाची सोय हवी, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, हेही मागितले. म्हणजे ज्या महामानवाच्या नावाने आम्ही पोराला खुर्चीकडे ढकलीत होतो, त्यांनी कारखान्याचे दारही आपल्यासाठी ठोठावले होते! आम्ही अर्धेच वाचले होते.

याचा अर्थ शाळा सोडून रंधा धरा असा कोणी काढू नये. धाकट्याने राहिलेले दोन विषय मार्चच्या परीक्षेत सोडविले. आम्ही जबरदस्ती केली नाही. त्यानेच सांगितले की मापे काढताना गणित लागते आणि लाकूड समजायला रसायनशास्त्र.

आता चक्राचे पुढचे. पट्ट्या साच्यात आठवडाभर ठेवल्या. सावलीत सुकू दिल्या, कारण ओल्या लाकडावर गोंद धरत नाही. मग दोन दोन अर्ध्या पट्ट्यांची तीन कडी एकात एक बसवून चिकटविली. एकीचे जोड दुसरीच्या जोडावर येऊ दिले नाहीत. आतल्या परिघावर साडेचार-साडेचार इंचांवर चोवीस खुणा केल्या. आमचे जुने साग येथे उपयोगी पडले. त्याचेच सरळ चोवीस आरे निघाले. तुंबा दोन चकत्यांचा केला आणि आरे मधे धरले. वरून जवसाचे तेल दोन वेळा पुसले. समितीला खर्चाचा हिशोब पावत्यांसह सादर केला. मजुरीच्या रकान्यात आम्ही शून्य लिहिले होते. समितीच्या एका ज्येष्ठ बाईंनी ते खोडायला लावले. त्या म्हणाल्या, "विहाराचं काम असलं तरी पोराच्या हाताची किंमत शून्य लिहू नका. सवय लागते." रक्कम थोडीच होती. पोराने त्यातली निम्मी दानपेटीत टाकली आणि उरलेल्या पैशांत स्वतःचा रंधा घेतला.

चक्रात एक दोष आहे. डावीकडे खालच्या बाजूला एका जोडात केसाएवढी फट राहिली. भुसा आणि गोंद भरून ती झाकता आली असती. धाकटा म्हणाला, "राहू द्या. पुढच्या वेळी कुठे चुकायचे नाही ते कळते." पौर्णिमेला काका विहारात आले. त्यांनी नेमके त्याच फटीवर बोट ठेवले, हसले आणि म्हणाले, "बाबू, पोराले हात हाये."

पौर्णिमेनंतर महिन्याभराने त्याने आयटीआयच्या सुतारकामाच्या ट्रेडचा अर्ज आमच्यापुढे ठेवला. त्याने तो स्वतःच भरला होता. एकही खाडाखोड नव्हती. पालकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती. वीस वर्षांत आम्ही दुसऱ्यांच्या मुलांचे किती अर्ज भरले त्याची मोजदाद नाही. हा अर्ज मात्र आम्ही दोन वेळा वाचला. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात त्याने लिहिले होते, लिपिक. त्याखाली 'इच्छित व्यवसाय' असा रकाना असता, तर त्याने काय लिहिले असते ते आता आम्हांला विचारावे लागले नसते.

आम्ही सही केली. मग त्याने विचारले, "बाबा, बुद्धरूपामागे बाकदार कमान करायची आहे. सात फूट रुंद. पट्टी किती लांब लागेल?"

आम्ही पाठकोरा कागद घेतला.